पालथ्या घड्यावर ऊन

स्वीडनमधला माणूस घर बांधायला काढतो तेव्हा आधी जमीन सपाट करतो, तिच्यावर खडी पसरतो, खडीवर वीस-तीस सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल अंथरतो आणि मग त्यावर काँक्रीट ओततो. त्याचा स्लॅब पायाखाली असतो आणि त्याला काळजी असते ती घरातली ऊब जमिनीत मुरून वाया जाण्याची. त्या स्लॅबखाली नेमकं काय घालावं यावर थंड देशांत भरपूर खल झालेला आहे. साधा पांढरा ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल, स्वस्त. दाट, रंगीत एक्सपीएस महाग, पण पाणी न पिणारा. दगडी लोकर आगीला न भिणारी, काचेचा फेस टिकाऊ आणि त्या मानाने खर्चिक. प्रत्येकाला आपापले वकील आहेत. हा सगळा पसारा उचलून कावेरीकाठी कुंभकोणमला आणला की पहिली अडचण अशी येते, की इथे ज्याची भीती वाटावी तो स्लॅब डोक्यावर असतो. त्याच्याखाली खडी नसते, थर्माकोल नसतो. त्याच्याखाली आपण असतो. सूर्याकडून निघालेली उष्णता आरपार खाली येते आणि तिला अडवायला उरतं ते जेवून आडवं झालेलं कुटुंब.

कुंभकोणम अकरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी इथे थेट माथ्यावर येतो, आणि मधल्या काळातही फार लांब जात नाही. त्यामुळे दुपारी भिंतींना जवळजवळ सुट्टी, सगळी ड्युटी छताला. मे महिन्यात तमिळ पंचांगातलं अग्निनक्षत्र लागतं, ते महिनाअखेरपर्यंत मुक्काम ठोकतं. अशा दिवसांत एका चौरस मीटर गच्चीवर दिवसाला साधारण सहा युनिट ऊन पडतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेपाचशे युनिट. रामानुजनच्या गावात हे गणित करायला रामानुजन लागत नाही. तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांमागे शंभर युनिट वीज फुकट द्यायला सुरुवात केली तेव्हा केवढं कौतुक झालं. सूर्य रोज साडेपाचशे देतो, तेही घरपोच, अर्ज न करता, आणि त्याचं एक पोस्टर कुठे दिसत नाही. हे सगळे युनिट आत येत नाहीत, हे खरं. राखाडी सिमेंटची गच्ची त्यातले निम्म्याहून जास्त पिते आणि बरेचसे वाऱ्याला नि आकाशाला परत करते. पण उरलेले खालच्या खोलीला पंख्याची हवा म्हणून मिळतात.

आता कोणी म्हणेल, स्वीडनवाल्यांसारखं आपणही जमिनीवरच्या स्लॅबखाली काहीतरी घालू. परदेशात करतात म्हणजे काही अर्थ असेलच. अर्थ आहे, पण तो स्वीडनमध्ये. कुंभकोणमच्या मातीचं दोन-तीन मीटर खोलीवरचं तापमान वर्षभर अठ्ठावीस-एकोणतीस अंशांच्या आसपास राहतं, आणि मेच्या दुपारी बाहेरची हवा अडतीस-चाळीस अंशांना टेकलेली असते. म्हणजे घरात सहाच बाजू, त्यातली पायाखालची एकच काय ती आपल्या पक्षात. तळमजल्याच्या घरात दुपारी पलंग सोडून लोक नुसत्या फरशीवर पडतात ते काही गरिबीमुळे नव्हे; फरशी अंगातली उष्णता घेऊन जमिनीला देते. तिच्याखाली थर्माकोल घालणं म्हणजे पैसे मोजून त्या एकमेव मित्राशी अबोला धरणं. शिवाय वाळवी. वाळवीला थर्माकोल पचत नाही, पण तिला तो खायचा कुठे असतो? त्यात भुयारं काढून ती वर दाराच्या चौकटीपर्यंत येते. तेव्हा पायाखालच्या स्लॅबचा प्रश्न कुंभकोणमपुरता निकालात काढायला हरकत नाही. तिथे काही घालू नये. हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

उरला डोक्यावरचा. त्याच्याबाबतीत गेली काही वर्षं गावोगाव जे चाललंय ते असं: छत तापतं, म्हणून छताच्या खालच्या अंगाला फॉल्स सीलिंग लावायचं. पीओपी किंवा जिप्समचे बोर्ड, वर ऐपतीप्रमाणे थर्माकोलची शीट किंवा काचेची लोकर, कडेने लपवलेले दिवे. खोली एका संध्याकाळीत हॉटेलच्या रिसेप्शनसारखी दिसू लागते. माझं म्हणणं असं, की हा सगळा माल बरोबर आहे आणि जागा चुकली आहे. उन्हात निघालेला माणूस पागोटं डोक्याला बाहेरून बांधतो. टाळूच्या आतून अस्तर लावून घेत नाही. ऊन गच्चीवर आणि बंदोबस्त दिवाणखान्यात, याला आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात, आणि गंमत अशी की रामेश्वर याच राज्यात आहे आणि सोमेश्वराचं देऊळ खुद्द कुंभकोणममध्ये. आपल्या पूर्वजांनी म्हण तयार करताना इथली पाहणी केली असावी अशी शंका येते.

पण म्हणीने भौतिकशास्त्र हरत नाही, आणि इथे जाणकार वाचक पहिला आक्षेप घेईल तो रास्त आहे. उष्णतेला होणारा अडथळा ही निव्वळ बेरीज असते. काँक्रीटचा अडथळा अधिक थर्माकोलचा अडथळा. बेरजेत आधी कोण नि नंतर कोण याने उत्तर बदलत नाही. आकडे घेऊनच बोलू. एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता वाहते ते त्या छताचं यू-मूल्य. पंधरा सेंटिमीटरच्या उघड्या स्लॅबचं ते सव्वातीनच्या आसपास येतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या एको-निवास संहितेने घराच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे, म्हणजे आपला सर्वमान्य स्लॅब जवळपास तिप्पट गुन्हेगार आहे. पाच सेंटिमीटर थर्माकोल लावला की तोच आकडा ०.६ च्या घरात उतरतो. फरक एवढा मोठा, कारण थर्माकोल म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के कोंडलेली हवा. नुसत्या काँक्रीटने तेवढाच अडथळा करायचा तर स्लॅब सव्वादोन मीटर जाडीचा टाकावा लागेल, आणि एवढी बांधकामाची हौस असलेलं राज्य या भागात चोळांनंतर झालेलं नाही. एक्सपीएस थर्माकोलपेक्षा थोडा सरस, पॉलियुरेथेनचा फवारा त्याहून सरस, लोकर साधारण थर्माकोलच्या बरोबरीची. म्हणजे निव्वळ अडथळ्याच्या परीक्षेत ही सगळी मुलं पंचाऐंशी ते पंचाण्णव टक्क्यांमध्ये बसतात आणि पहिला कोण यावर भांडण्यात हशील नाही. पालकांना मात्र भांडायचं असतं.

मग जागेचा एवढा आग्रह का? कारण बेरजेत स्लॅबचे हाल धरलेले नसतात. अस्तर खाली लावलं की खोली वाचते, स्लॅब मात्र पूर्वीसारखाच उन्हात उभा; किंबहुना जास्तच तापतो, कारण खाली उष्णता टाकायची वाटही आता बंद. दुपारी साठ अंशांच्या जवळ, पहाटे तिशीखाली. दहा मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटर लांब होतं आणि रात्री परत आखडतं. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण हे रोज, वर्षानुवर्षं. त्यातून केसासारख्या चिरा पडतात, आणि ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस आला की त्या चिरांचा पत्ता पाण्याला बरोबर सापडतो. पाणी खाली झिरपतं ते फॉल्स सीलिंगच्या पोकळीत. तिथे लोकर असेल तर ती पाणी पिऊन फुगते, आणि भिजलेली लोकर उष्णता अडवण्याच्या कामातून निवृत्त होते. सीलिंगवर पिवळा डाग उमटेपर्यंत घरमालकाला यातलं काही कळत नाही, आणि उमटला की तो आधी रंगाऱ्याला बोलावतो. तेच अस्तर गच्चीवर असतं तर स्लॅब दिवसभर खोलीच्याच तापमानाजवळ राहिला असता, वॉटरप्रूफिंग सावलीत जगलं असतं, आणि काँक्रीटचं ते अवजड वस्तुमान आतल्या अंगाला राहून चढउतार मऊ करायच्या कामी आलं असतं.

यावर दुसरा आक्षेप बेडरूममधून येतो. एसी रात्री दहाला लावायचा आणि पहाटे बंद करायचा असेल, तर अस्तर आतून असलेलं बरं नाही का, म्हणजे आधी स्लॅब गार करत बसायला नको? हा मुद्दा खरा आहे. फक्त रात्रीपुरती, फक्त एकच खोली, फक्त यंत्राने गार करणाऱ्याची खोली आतल्या अस्तराने लवकर गार होते. पण वरून झाकलेला स्लॅब रात्री दहा वाजता मुळात तापलेलाच नसतो. एसीला कुस्ती खेळावी लागते ती उघड्या स्लॅबबरोबर. तिसरा आक्षेप, की वरून झाकलं तर रात्री घराची उष्णता बाहेर जाणार कशी. खिडकीतून. तिचा शोध फार पूर्वीच लागलेला आहे.

जुन्या घरांचे भक्त एवढा वेळ गप्प बसलेले असतात. त्यांचं म्हणणं, की हे थर्माकोल-बिर्माकोल नव्हतं तेव्हा लोक काय भाजून मरत होते? मद्रास टेरेस होती की! तिचं वर्णन ऐकण्यासारखं आहे खरं. सागवानी तुळयांवर पातळ विटा तिरक्या रांगेत उभ्या कडेने चुन्यात बसवायच्या. त्यावर विटांच्या बारीक तुकड्यांचं आणि चुन्याचं काँक्रीट चारेक बोटं जाड पसरायचं. मग हिरडा आणि गुळाचं पाणी शिंपडत ते लाकडी थापीने पिटायचं, एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगलं आठवडाभर. बायका ओळीने बसून तालावर पिटत सरकायच्या. थापी उसळी घेऊन परत यायला लागली की काम झालं. वर मातीच्या चपट्या कौलांचे थर, त्यांना तिकडे ‘तट्टोडु’ म्हणतात. महाराष्ट्रात याचा धाकटा भाऊ म्हणजे ब्रिकबॅट कोबा, फक्त त्याला हिरडा-गुळाचा नैवेद्य मिळत नाही. तंजावरच्या मराठ्यांबरोबर जी मंडळी देशावरून आली त्यांच्या मुलखात माळवदं होती, हातभर पांढऱ्या मातीची. ती सोलापुराकडच्या पावसाला पुरतात, कावेरीच्या खोऱ्यातल्या पावसाला नाही. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. केरळची कौलं, माळव्याची नि गुजरातची छपरं असा भारतातल्या छपरांचा एवढा व्यापक अनुभव दुसऱ्या कुठल्या मराठी माणसाला क्वचितच मिळाला असेल. त्यांनी त्यावर दोन पानं लिहून ठेवायला हवी होती.

मात्र आकड्यांसमोर मद्रास टेरेसची आरती थोडी मंदावते. विटांच्या तुकड्यांचं चुन्याचं काँक्रीट हे काँक्रीटच; उष्णता साध्या काँक्रीटच्या निम्म्याने वाहतं, थर्माकोलच्या वीसपट. साडेसात सेंटिमीटरचा थर स्लॅबवर टाकला तर यू-मूल्य सव्वातीनवरून अडीचवर येतं. पास नाही. हा थर पाणी अडवतो आणि उष्णतेला उशीर करतो. दुपारची उष्णता रात्रीच्या जेवणाला आणून बसवतो. जुनं घर गार असतं ते बारा-चौदा फुटी छत, मधला उघडा चौक, जाड भिंती आणि ओटा यांच्यामुळे. सारंगपाणी संनिधी रस्त्यावर रामानुजनचं घर अजून जपून ठेवलं आहे; ते तर टेरेसचंही नाही, कौलारू आहे. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि कौल रात्री लवकर निवतं. तेव्हा भक्तांनी चुन्याला दिलेलं श्रेय चौकाला आणि फटीला द्यावं, आणि नव्या वीस बाय तीसच्या प्लॉटवर चौक सोडून दाखवावा.

मग गवताचं, झावळ्यांचं शाकारलेलं छप्पर? उष्णता अडवण्यात ते कोणाला हार जात नाही, आणि स्वस्त. पण या गावात त्या छपराचं नाव घेताना आवाज खाली येतो. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर राज्यभर शाळांवरची अशी छपरं उतरवली गेली. छतासाठी कोणताही माल निवडताना तो जळतो का, जळला तर कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न किमतीच्या आधी यायला हवा. साधा थर्माकोल जळतो आणि वितळून खाली ठिबकतो, धूरही काळा आणि घातक. तो स्लॅबच्या वर, सिमेंट नि फरशीखाली गाडलेला असेल तर आगीचा आणि खोलीतल्या माणसांचा संबंध स्लॅब तोडतो. स्लॅबखाली वायरींच्या आणि लपवलेल्या दिव्यांच्या शेजारी उघडा पडलेला असेल तर काही तोडणारं मध्ये नसतं. जागेच्या आग्रहाचं माझ्या मते हे सर्वांत वजनदार कारण आहे.

इथवर आलो की मडक्यांचा विषय टाळता येत नाही. तमिळनाडूत कितीतरी ठिकाणी स्लॅबवर मातीची लहान मडकी पालथी मांडतात, तोंड खाली, एकाला एक खेटून. मधल्या सांध्यांत विटांचे तुकडे आणि चुना भरतात आणि वर सपाट करून तट्टोडु बसवतात. प्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ शंकराने बाणाने फोडला आणि त्यातूनच हे क्षेत्र झालं अशी ज्या गावाची कथा आहे, तिथे हा उपाय लोकांना पटवायला जड जाऊ नये. मडक्याची खुबी अशी की उष्णता वरून खाली येत असते, तेव्हा तापलेली हवा मडक्याच्या बुडाशी, म्हणजे वरच्या टोकाला, चिकटून बसते आणि खाली उतरत नाही. उष्णता उरते ती फक्त किरणांनी आणि मातीच्या भिंतीतून जाणारी. वजन भरीव कोब्यापेक्षा कमी. जळत नाही, वाळवी लागत नाही, कुंभाराला काम मिळतं. एवढं सगळं मान्य करूनही सांगायला हवं, की पाच सेंटिमीटर एक्सपीएससमोर मडकं हरतं, कारण सांध्यांतला चुना उष्णतेला मधूनमधून पूल बांधून देतो. वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात कौलं स्लॅबच्या पोटातच घालत, त्यामागचा मोठा हेतू सिमेंट आणि लोखंड वाचवण्याचा होता. जो जागा, पैसा आणि कुंभार तिन्ही बाळगून आहे त्याने मडकी लावावीत. बाकीच्यांनी वॉटरप्रूफिंगवर पाच सेंटिमीटर एक्सपीएस, त्यावर कापडी पडदा, मग सिमेंटचा थर आणि फरशी, एवढं करावं. चौरस मीटरला वीस टनांपर्यंत दाब सोसणारा माल मिळतो. देवळातला हत्ती गच्चीवर आणला तरी एक्सपीएसची तक्रार नसेल. स्लॅबचं मी बोलत नाही. थर्माकोल घ्यायचा तर निदान जास्त घनतेचा घ्यावा, पॅकिंगच्या खोक्यातला नव्हे.

पांढरा रंग फासणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्यावर आख्खं धोरण जाहीर केलं आहे. उष्णता आत आल्यावर अडवण्यापेक्षा दारातूनच परत पाठवणं केव्हाही शहाणपणाचं. फक्त कुंभकोणमच्या दमट हवेत एका पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, ते काळं पडतं, आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. दरवर्षी मार्चमध्ये घासून चुना मारायची शिस्त असेल तर मारावा; आपली शिस्त दिवाळीच्या रंगापर्यंतच पोचते. फ्लॅटवाल्यांची अडचण निराळी. गच्ची सोसायटीची, ऊन वरच्या मजल्याचं आणि वर्गणी द्यायच्या वेळी खालच्या तीन मजल्यांना मे महिना कधी जाणवलेलाच नसतो. अशा माणसाने नाइलाजाने खालून काही लावलं तर त्याला दोष देणार नाही. त्याने दगडी लोकर आणि जिप्सम घ्यावं, उघडा थर्माकोल नको. चकचकीत फॉइल लावायचं असेल तर त्याच्यासमोर दोनेक सेंटिमीटर हवा मोकळी सोडावी. मिस्त्री ती हमखास दोन थरांत दाबून चिकटवतात, आणि दाबलेली फॉइल म्हणजे वीस रुपयांची चांदी.

खरी अडचण मात्र मालाची नाही, दिसण्याची आहे. फॉल्स सीलिंग पाहुण्यांना दिसतं. गच्चीवरचा एक्सपीएस फरशीखाली गाडलेला, त्याच्या बाजूने लपवलेले दिवे सोडता येत नाहीत आणि पाहुण्यांना दुपारी दोन वाजता गच्चीवर नेऊन “पाहा, खाली किती कमी तापतंय” असं म्हणता येत नाही. त्यावर एकच तोड मला सुचते. ऊन खाली शिरायची वाट बंद झाली की ते वरच्या फरशीतच साठतं. अस्तरावरची मातीची फरशी उघड्या स्लॅबपेक्षा जास्त तापते. अनवाणी चालवत नाही, पण तांदळाचे वडाम आणि आपल्या कुरडया तिथे लवकर कडकडीत होतात. घरातल्या गच्चीबद्दलचा शेवटचा शब्द ज्यांचा असतो त्या आजीबाईंना यू-मूल्य सांगू नये. कुरडया सांगाव्यात.